जुन्या मोटारीचे रबरी बुश

पनवेल हें रस्त्यांचें गांव. १८३० सालीं बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला. गोव्याकडे जाणारा महामार्गही येथूनच निघतो. बैलगाडीचीं चाकें घडविणें हा या गांवाचा जुना धंदा. चाकाच्या तुंब्यांत लोखंडी नळी बसवीत आणि ती आंसावर घासूं नये म्हणून तींत वंगण घालीत. मोटारीच्या पुढच्या चाकांना धरणाऱ्या आडव्या बाहूंच्या मुळाशींही एक नळी असते. तिला बुश म्हणतात. परंतु दोहोंचा स्वभाव अगदीं भिन्न आहे.

रबरी बुशांत दोन पोलादी नळ्या एकींत एक असून मध्यें रबर घट्ट बसविलेलें असतें. बाहेरची नळी बाहूंत रुतलेली, आंतली बोल्टानें आवळलेली. बाहू हालतो तेव्हां कांहींच घसरत नाहीं. केवळ रबर पिळलें जातें. म्हणून येथें तेल घालूं नये. त्यानें रबर फुगतें व सडतें. रबर झिजलें कीं खड्ड्यांत ठोके ऐकूं येतात, ब्रेक लावतांच गाडी एका बाजूस ओढते आणि टायर एका कडेनें झिजतो.

कुर्ल्याच्या कारखान्यांत १९६४ पासून तयार झालेली आणि १९७४ पासून ‘पद्मिनी’ म्हणून ओळखली गेलेली फियाट अनेकांनीं हौसेनें जपली आहे. अशा गाडीच्या पुढच्या बाहूंशीं जाड गुंडाळीची स्प्रिंग दाबून बसविलेली असते. बाहू एकाएकीं सुटला तर ती उसळून हात मोडील, प्रसंगीं प्राणही घेईल. दाबयंत्रावांचून हें काम होतें. स्प्रिंग आवळून धरणाऱ्या साधनावांचून मात्र करूं नये. तें जवळ नसेल तर बाहू जाणत्या कारागिराकडून उतरवून घ्यावा. गाडी नुसत्या जॅकवर न ठेवतां भक्कम टेकूंवर ठेवावी. जोडांत पातळ पत्र्या असल्यास त्यांची संख्या व जागा लिहून ठेवावी.

उतरलेल्या बाहूवर जुना बुश किती आंत आहे याची खूण करावी. मग एक लांब, जाड बोल्ट, नट, जाड वायसर आणि नळाचे दोन तुकडे घ्यावे. पहिला तुकडा बुशाच्या बाहेरच्या नळीवर टेकेल परंतु छिद्रांतून जाईल, एवढा. दुसरा बुशाला पोटांत घेईल, एवढा मोठा. बोल्ट दोहोंतून ओवून नट हळूहळू आवळला कीं जुना बुश मोठ्या तुकड्यांत सरकतो. गंजानें तो अडला तर बाहेरची नळी करवतीनें जपून कापावी. बाहूस चरा पडूं देऊं नये. रबर जाळूं नये. त्याचा धूर घातक असतो. छिद्र स्वच्छ पुसून नवा बुश याच रीतीनें सरळ बसवावा. दाब बाहेरच्या नळीवरच यावा. आंतल्या नळीवर आला तर रबर फाटतें.

आतां शेवटचें आणि सर्वांत महत्त्वाचें. बाहू लोंबकळत असतांनाच बोल्ट पक्का आवळला, तर गाडी खालीं येतांच रबर कायमचें पिळलेलें राहतें व नवा बुशही लौकर फाटतो. म्हणून आरंभीं बोल्ट सैलसरच ठेवावे. गाडी चाकांवर उभी करून, पुढून दोनचार वेळां दाबून, ती स्थिरावल्यावर मग ते पक्के आवळावे. त्यानंतर चाकांची दिशा तपासून घ्यावी, आणि मगच घाटाची वाट धरावी.