पऱ्हाट्या, बुरशी आणि सूत्रकृमी

कापसाचा शेवटचा वेचा झाला की देवळी, सेलू, हिंगणघाट भागात पऱ्हाट्या उपटून धुऱ्यावर रचतात. काही चुलीत जातात, बाकीच्या तिथेच पेटवतात. पऱ्हाटीत कार्बन भरपूर, नत्र फार थोडे. असले कडक खोड मातीत मुख्यतः बुरशीच कुजवते, आणि त्या बुरशीवर जगणारे सूत्रकृमी तिच्या मागोमाग वाढतात.

सूत्रकृमी म्हटले की शेतकऱ्याला मुळांवरच्या गाठी आठवतात. बुरशीखाऊ जात वेगळी. तिच्यातला सर्वाधिक अभ्यासलेला ‘अफेलेंकस अव्हेनी’; बॅस्टियन यांनी १८६५ मध्ये त्याचे वर्णन केले. लांबी मिलिमीटरहून कमी, अंग पारदर्शक. सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे जेवण स्पष्ट दिसते. ओठ बुरशीच्या तंतूला टेकवून तो तोंडातली पोकळ सुई पुन्हा पुन्हा टोचतो. भिंत फुटली की गळ्यातला गोल स्नायू पंपासारखा धडधडू लागतो. आतला रस संपून तंतू चपटा पडतो आणि स्वारी पुढच्या तंतूकडे वळते. खाल्लेला बराच कार्बन श्वासात जातो. गरजेहून जास्त ठरलेले नत्र तो अमोनियमच्या रूपात बाहेर टाकतो. बुरशीत अडकलेले नत्र असे पिकाच्या मुळांपर्यंत येते.

तुरीला मर लावणारी ‘फ्युजेरियम उडम’ही बुरशीच, बटलर यांनी १९१० मध्ये तिला हे नाव दिले. मग हा कृमी मर थांबवील का? १९५९ मध्ये अमेरिकेत ऱ्होड्स आणि लिनफर्ड यांनी मक्याच्या मूळकुजीवर त्याचा उपयोग दाखवला होता. पण आपली-परकी बुरशी तो पाहत नाही. आपण शेणखतात मिसळतो त्या ट्रायकोडर्मालाही असे कृमी खातात आणि तिचा प्रभाव कमी करतात, हे २००१ मधल्या अमेरिकी प्रयोगात दिसले. म्हणून त्याला औषध समजून विकत आणण्यापेक्षा मातीतला त्याचा संसार नीट ठेवणे मला शहाणपणाचे वाटते.

या संसाराची खरी परीक्षा वर्ध्याच्या मे महिन्यात होते. काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अव्हेनी तेव्हा अंगाचे वेटोळे करतो, साठवलेल्या चरबीपासून ट्रेहॅलोज नावाची साखर बनवतो आणि जवळजवळ पूर्ण वाळूनही जिवंत राहतो. ओल मिळाली की पुन्हा हलू लागतो. अट एकच, वाळणे सावकाश व्हायला हवे. झटकन वाळला तर मरतो. काडीकचऱ्याखालची माती उघड्या मातीपेक्षा हळू वाळते, म्हणजे तेच आच्छादन त्याच्या बुरशीला अन्न देते आणि त्याला तयारीसाठी वेळही देते.

अडचण गुलाबी बोंडअळीची आहे. पऱ्हाटीवर राहिलेल्या किडक्या बोंडांत ती दडते, त्यामुळे पऱ्हाट्या उभ्या ठेवता येत नाहीत. त्या यंत्राने बारीक करून, शेणकाला घालून नीट कुजवाव्यात, मगच रानात पसराव्यात. मजुरी लागते, हे खरे. तरी काडी लावण्याआधी हा हिशेब व्हावा.

२०१५ पासून मिळणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेत सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश धरून १२ घटक तपासतात. त्यात जिवंत असे काहीच नाही. सूत्रकृमी मोजायला चाळणीवर पातळ कागद, त्यावर माती, खाली पाण्याने भरलेले नरसाळे आणि एक सूक्ष्मदर्शक लागतो. कृमी रात्रभरात खाली उतरतात. सेलसुऱ्याच्या कृषी विज्ञान केंद्राच्या परिसरात हे काम विद्यार्थ्यांच्या हातून सुरू व्हावे: एक नमुना पऱ्हाट्या जाळलेल्या धुऱ्यावरचा, दुसरा कुजवलेल्या रानातला.