खोऱ्याचें चित्र आणि रुंद कोनाचें भिंग

पावसाळा सरतां सरतां घोडेगावाहून भीमाशंकराच्या वाटेला लागावें आणि शिनोलीपाशीं क्षणभर थांबावें. पायाशीं हिरवें शेत, पलीकडे घोड नदीचें खोरें आणि पश्चिमेस सह्याद्रीच्या रांगा. हें सारें एका छायाचित्रांत साठविण्याचा मोह कोणाला होणार नाहीं? त्यासाठीं आपण रुंद कोनाचें भिंग लावतों. आणि घरीं येऊन पाहतों, तों डोंगराची टेकडी झालेली! आपण पाहिलेला डोंगर गेला कोठें?

उत्तर साध्या त्रैराशिकांत आहे. 4 × 5 इंचांच्या फिल्मवर 150 मिलिमीटर नाभ्यंतराचें भिंग नेहमीचें मानतात. तें एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत सुमारे 54 अंशांचा देखावा टिपतें. 90 मिलिमीटरचें भिंग 80 अंश टिपतें. समजा, 3 किलोमीटरांवरचा डोंगर आपल्याहून 300 मीटर उंच आहे. पहिल्या भिंगानें त्याची प्रतिमा 15 मिलिमीटर उंच पडेल, दुसऱ्यानें अवघी 9. फिल्म तेवढीच, तिच्यावर अधिक प्रदेश मावावयाचा, तर प्रत्येक वस्तूनें आकसलेंच पाहिजे.

म्हणून रुंद कोनाचें भिंग दूरच्या डोंगरासाठीं नव्हे, पायाजवळच्या जमिनीसाठीं वापरावें. बांधावरचा दगड, वाहता पाट, शेताची कड यांच्या जवळ जावें. मग तीं मोठीं दिसतात आणि दृष्टीला हात धरून डोंगरापर्यंत नेतात. जवळच्या आणि दूरच्या वस्तूंचें परस्परप्रमाण मात्र भिंग ठरवीत नाहीं. तें आपण कोठें उभे आहों यावर ठरतें.

पण दोन हातांवरचा दगड आणि तीन किलोमीटरांवरचा डोंगर एकाच वेळीं स्पष्ट कसा यावा? येथें भात्याचा कॅमेरा कामास येतो. याच्या पुढच्या पाटीवर भिंग व मागच्या पाटीवर फिल्म असते. मध्यें चामड्याचा किंवा कापडाचा भाता. दोन्ही पाट्या स्वतंत्रपणें हलतात. डोक्यावर काळें फडकें घेऊन घासलेल्या कांचेवर उलटी प्रतिमा पाहत भिंग किंचित् पुढें कलवावें, म्हणजे स्पष्टतेची पातळी उभी न राहतां शेतासारखी आडवी पसरते. ऑस्ट्रियाच्या सैन्यांतील थिओडोर शाइम्फ्लुग यांनीं 1904 मध्यें हा नियम मांडला: फिल्म, भिंग आणि दृश्य या तिहींच्या पातळ्या एकाच रेषेंत मिळाल्या पाहिजेत. 90 मिलिमीटरचें भिंग जमिनीपासून दीड मीटर उंच असेल, तर साडेतीन अंशांचा कल पुरतो. जवळ उंच झाड असल्यास त्याचा शेंडा अस्पष्ट होतो. तेव्हां कल कमी करून भिंगाचें छिद्र लहान करावें.

डोंगराचा माथा चित्राबाहेर जात असल्यास कॅमेरा वर रोखूं नये. तसें केल्यास झाडें व घरांच्या भिंती मागें झुकलेल्या दिसतात. कॅमेरा सरळ ठेवून भिंगाची पाटीच वर सरकवावी. रुंद कोनाचा एक दोषही ध्यानांत असावा: हिशेबानें कोपऱ्यांत मध्याच्या सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोंचतो. त्यासाठीं मध्यें गडद असलेली कांच भिंगापुढें लावतात.

एवढी यातायात कशासाठीं, असें कोणी विचारील. या खोऱ्यानेंच त्याचें उत्तर दिलें आहे. डिंभे धरणाच्या जलाशयांत जुनें आंबेगाव बुडालें. तालुक्याला नांव त्याचें, कचेरी मात्र घोडेगावीं. याच तालुक्यांतील माळीण गावावर 30 जुलै 2014 रोजीं डोंगराचा उतार कोसळला आणि सुमारे दीडशे माणसें गेलीं. पूर्वीं उतारावर झाडी किती होती, ओढा कोठून वाहत होता, हें नुसत्या आठवणीवर सोडून भागत नाहीं.

म्हणून चित्र घेतल्यावर त्याच्या पाठीवर जागा, दिवस, वेळ, भिंगाचें नाभ्यंतर आणि त्याची उंची लिहून ठेवा. वीस वर्षांनीं दुसरा कोणी नेमका त्याच जागीं तिवई रोवील आणि दोन चित्रें शेजारीं ठेवील. त्या वेळीं आपण काढलेलें चित्र केवळ शोभेचें राहणार नाहीं. तें खोऱ्याची साक्ष होईल.