कृष्णेचे पाणी आणि आपला हक्क

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांचे जीवन कृष्णेने एका सूत्रात बांधले आहे. महाबळेश्वरी उगम पावलेली ही नदी संगम माहुलीस वेण्णेला, कराडला कोयनेला आणि सांगलीजवळ हरिपूर येथे वारणेला आपल्यात सामावून घेते. आमच्या शाळेतील पुष्कळ मुले याच काठावरच्या गावांतून येतात. उन्हाळ्याच्या तोंडावर नदीत मेलेल्या माशांचा खच पडतो आणि ते वेचायला लोकांची झुंबड उडते, हे दृश्य त्यांना आता नवे राहिलेले नाही. मार्च २०२३ मध्ये सांगलीजवळ अंकली परिसरात असेच घडले. हे मासे कशाने मरतात आणि त्यांच्या मरणाचा आपल्याशी संबंध काय, हे समजून घेणे आवश्यक आहे.

मासा जगतो तो पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूवर. निरोगी नदीत हा प्राणवायू दर लिटरला निदान ५ मिलिग्रॅम असावा लागतो. पाणी तापले की तो धरून ठेवण्याची त्याची शक्ती घटते : २० अंश सेल्सिअसला सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना जेमतेम साडेसात. अशा वेळी नदीत सांडपाणी आले, तर त्यातील घाण कुजवणारे जिवाणू उरलासुरला प्राणवायू फस्त करतात. घाणीची ही भूक ‘बीओडी’ या मापाने मोजतात. स्नानयोग्य पाण्यात ती लिटरला ३ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावी, असे मानक आहे. घरगुती सांडपाण्यात ती दोनशे-तीनशेपर्यंत जाते. मद्यार्क तयार करताना उरणाऱ्या कच्च्या मळीत मात्र ती ४०,००० च्याही पुढे असते. उसाच्या मळीपासून एक लिटर मद्यार्क काढताना असे आठ ते पंधरा लिटर सांडपाणी उरते. साखर कारखान्यांच्या या पट्ट्यात त्यातील थोडेही नदीत सुटले, तर माशांचा श्वास कोंडतो. शहरेही निर्दोष नाहीत. सांगलीचा शेरी नाला वर्षानुवर्षे चर्चेत आहे, तो याच कारणाने.

दुसरे संकट हळू चालीने येते. शेतातील रासायनिक खते, मैलापाणी आणि साबणाचे पाणी यांतून नत्र व स्फुरद नदीत उतरते. बंधाऱ्यांमागे पाणी थांबलेले, वर कडक ऊन. मग शेवाळ बेसुमार वाढते आणि पाण्यावर हिरव्या रंगाचा थर दिल्यासारखा दिसतो. उजनी जलाशयाचे हिरवे पाणी अनेकांनी पाहिले असेल. हे शेवाळ दिवसा प्राणवायू सोडते, पण रात्री तोच शोषते. म्हणून पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडमीट करू लागतात. नील-हरित शेवाळाच्या काही जाती तर यकृतास घातक विष निर्माण करतात आणि पाणी उकळूनही ते विष जात नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये अमेरिकेतील टोलेडो शहराच्या सुमारे पाच लाख लोकांना याच कारणाने नळाचे पाणी पिण्यास मनाई करावी लागली. २०२२ मध्ये पोलंड आणि जर्मनीमधून वाहणाऱ्या ओडर नदीत क्षारयुक्त सांडपाण्यामुळे विषारी शेवाळ माजले आणि सुमारे ३६० टन मासे मेले. ज्यांच्याकडे प्रयोगशाळा आणि पैसा आहे, त्या देशांची ही गत झाली.

या प्रश्नाकडे आम्ही इतिहासाचे शिक्षक म्हणूनही पाहतो. १९०१ साली बाल भीमराव आपला भाऊ आणि भाचे यांच्यासह साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघाले. मसूर स्थानकावरून गोरेगावकडे बैलगाडीने जाताना त्यांच्याजवळ शिदोरी होती, पण पाणी मिळाले नाही. वाटेत नदीच्या पात्रातील खड्ड्यांत जे पाणी दिसले, ते गुराढोरांच्या मलमूत्राने इतके दुर्गंधित होते की तहानलेल्या मुलांना ते पिववले नाही. ही आठवण बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे. पुढे महाडचा सत्याग्रह झाला आणि संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदाने विहिरी, तलाव व स्नानघाट सर्वांना खुले केले. पाण्यापर्यंत पोहोचण्याचा हक्क असा झगडून मिळाला. परंतु पोहोचल्यावर हाती येणारे पाणी जर त्या खड्ड्यातील पाण्यासारखेच असेल, तर हक्काला अर्थ काय उरला? आज ज्याला परवडते तो शुद्ध पाण्याचा जार विकत घेतो. नदीवर कपडे धुणारी स्त्री, गुरे पाजणारा शेतमजूर आणि जाळे टाकणारा भोई यांना दुसरा पर्याय नसतो. पाणवठ्यावरची जुनी विषमता अशी नव्या वेशात परत येते.

मग आपण काय करावे? मेलेले वा तडफडणारे मासे खाऊ नयेत आणि विकूही नयेत. हिरव्या थराच्या पाण्यापासून मुलांना व जनावरांना दूर ठेवावे. घटना दिसताच वेळ, ठिकाण, पाण्याचा रंग व वास यांची नोंद करून छायाचित्रे काढावीत. ग्रामपंचायतीला आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयाला लेखी कळवून पोहोच घ्यावी. पाण्याचे नमुने तत्काळ घेतले जातील, असा आग्रह धरावा. कारण प्रवाह पुढे सरकला किंवा धरणातून पाणी सोडले गेले की पुरावा वाहून जातो. काळपट, उग्र वासाचे पाणी एक गोष्ट सांगते, हिरवे पाणी आणि पहाटेचे मरण दुसरी. निर्णय मात्र चाचणीनेच व्हावा. चाचणीवाचून कोणावर दोष ठेवणे जितके अयोग्य, तितकेच चाचणीच न होऊ देणे अन्यायाचे.

आमचे अनेक माजी विद्यार्थी आज शिक्षक, अभियंते, वकील, कर्मचारी आहेत. काठावरच्या एखाद्या गावाचा अर्ज लिहून देणे, चाचणीचा अहवाल मागून तो गावासमोर वाचून दाखवणे, एवढे त्यांनी केले तरी पुष्कळ आहे. ‘शिका’ या शब्दापुढे ‘संघटित व्हा’ आणि ‘संघर्ष करा’ हे शब्द आहेत. कृष्णेच्या काठी या तिन्हींना काम आहे.