बहिणीच्या घरचे पान

यमद्वितीयेचे आख्यान आम्ही गेली चाळीस वर्षे लावीत आलो आहोत. यमुनेने भावाला वारंवार बोलावणे धाडावे, यमराजाने कामाच्या व्यापात ते टाळीत राहावे, आणि अखेर कार्तिक शुद्ध द्वितीयेला त्याने तिच्या दारी जाऊन उभे राहावे, एवढीच ती कथा. पण उत्तररंगात ती आली, की माताभगिनींचे पदर डोळ्यांना लागतात, हे नारदाच्या गादीवरून आम्ही कितीदा पाहिले आहे. त्या दिवशी पुरुषाने स्वगृही भोजन करू नये, बहिणीच्या हातचे जेवावे, हा विधी धर्मशास्त्राच्या निबंधकारांनी नोंदविलेला आहे. कमलाकरभट्टांच्या ‘निर्णयसिंधू’चा आधार देऊन तोही आम्ही श्रोत्यांना सांगत असतो.

आणि आमच्या घरी काय चालत असे? आमची थोरली बहीण दरवर्षी एस. टी.च्या दोन गाड्या बदलून गोंदिया जिल्ह्यातून रामटेकला येई. आम्ही पाटावर बसत असू, ती ओवाळीत असे. कार्तिकात आम्हांस गड सोडवत नाही. वैकुंठ चतुर्दशी आणि त्रिपुरी पौर्णिमा तोंडावर आलेली असते, कीर्तनांच्या तारखा दिलेल्या असतात. म्हणजे यमुनाच यमाच्या घरी जात होती! हे आख्यानात कोठे बसते, असे आम्हांस कोणी विचारले नाही, आणि आम्हीही स्वतःस विचारले नाही.

यंदा ती आली नाही. पाडव्याच्या रात्री दूरध्वनीवर म्हणाली, “या वर्षी जमत नाही रे. तुमचे तुम्ही करून घ्या.” ज्या बहिणीला भाऊ नाही ती चंद्राला ओवाळते, ज्या भावाकडे बहीण आली नाही त्याने काय करावे, याचा शोध आम्ही रात्री उशिरापर्यंत ग्रंथांतून घेत बसलो. अखेर आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, “ग्रंथ राहू द्या. सकाळी मोटार कोणाची मिळते ते पाहा.”

एका जुन्या विद्यार्थ्याने आपली मोटार काढली आणि भाऊबिजेच्या रामप्रहरी आम्ही उभयतांनी प्रस्थान ठेवले. महामहोपाध्याय मिराशींनी रामटेक हाच कालिदासाचा रामगिरी असे प्रतिपादन केल्यापासून आम्हां गावकऱ्यांस मेघाचा मोठा अभिमान. तो मेघ उत्तरेस गेला. आम्ही पूर्वेची वाट धरली. भंडाऱ्याला वैनगंगा ओलांडली. लाखनी गेली, साकोली गेली. दुतर्फा हलके धान कापून बांध्या मोकळ्या झालेल्या, भारी धान अद्याप उभे, त्याच्या लोंब्या पिवळ्या पडून वाकलेल्या. मोटारीतच आमचा बेत ठरला. भाचा पुण्यास नोकरीला. भाऊजी जाऊन सहा वर्षे झाली. शेती विकावी असे भाचा दोन वर्षांपासून म्हणतोच आहे. ती विकावी, ताईला रामटेकला आणावे, मागची खोली रिकामीच आहे. बेत इतका नेटका जमला, की आम्हांस स्वतःचेच कौतुक वाटू लागले.

कोहमाऱ्यावरून उजवीकडे वळलो. हा सारा मुलूख पूर्वी भंडारा जिल्ह्यात होता. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला, तरी ताईच्या तोंडी अजून भंडाराच येतो. पुढे नवेगावबांधचा तलाव लागला, तेव्हा मोटार थांबवून पाळीवर गेलो. सुमारे ११ चौरस किलोमीटरचे हे पाणी अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी याने अडविले. कोहळी ही या भागातील तलाव बांधणारी जमात. पाणी कोठे थांबेल हे त्यांना भूमी पाहून कळे. लोकांनी त्या कोलू पाटलाला कोलासूर देव केले. तलावाभोवतीच्या डोंगरांना म्हणतात ‘सात बहिणी’. बांध घालताना या सात बहिणी कोलूच्या साहाय्यास आल्या, अशी येथील श्रद्धा आहे. १९७५ साली हे अरण्य राष्ट्रीय उद्यान झाले, कै. मारुती चितमपल्ली यांच्या ‘नवेगावबांधचे दिवस’मुळे ते मराठी वाचकांच्या घरोघर पोहोचले. आम्ही मात्र सात बहिणींकडे पाहत उभे होतो. भावाने बांध घालावा, आणि बहिणींनी डोंगर होऊन पिढ्यान् पिढ्या पाण्याभोवती उभे राहावे!

ताईचे गाव तेथून फार दूर नाही. वेशीजवळ पोहोचलो, तर दुकाने, पाळणे, उकडलेल्या शिंगाड्यांच्या टोपल्या, आणि माणसांनी फुललेली वाट. त्या दिवशी गावची मंडई होती. वऱ्हाडच्या किंवा पुण्याच्या वाचकास मंडई म्हणजे भाजीबाजार वाटेल. झाडीपट्टीत तो अर्थ नाही. दिवाळीनंतर गावोगावी वेगवेगळ्या दिवशी ही जत्रा भरते. गोवारी बांधव आपली ढाल नाचवीत आणतात, लेकीबाळी माहेरी येतात, सोयरेधायरे जमतात, विवाहसंबंधांच्या गोष्टी निघतात. रात्री पूर्वी दंडार असे. आता पहाटेपर्यंत चालणारे नाटक असते. या झाडीपट्टी रंगभूमीचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. ज्या रात्री गावात नाटक असते, त्या रात्री कीर्तनकाराने तेथे तारीख घेऊ नये, हा आमचा स्वानुभव आहे. असो. वेशीवर एका वृद्धाने मोटारीत डोकावून विचारले, “मंडईले आले का जी?” आम्ही हो म्हणालो.

ताई ओसरीत बसली होती. आम्हांस पाहून ती उठावयास गेली आणि तिला उठता आले नाही. गुडघा सुजून भोपळ्यासारखा झालेला. दोन महिने झाले होते, कोणाला सांगितले नव्हते. भाचा मंडईसाठी कालच आला होता, तोही ओशाळून उभा. आम्ही तेथेच, चपलाही न काढता, आमचा बेत सांगून टाकला. कीर्तनकाराला विराम कोठे घ्यावा हे कळावयास हवे. त्या दिवशी आम्हांस ते कळले नाही.

ताईने सर्व ऐकून घेतले. मग म्हणाली, “मला न्यायला आलास, की जेवायला?”

आम्ही हातपाय धुऊन पाटावर बसलो. जुन्या चिन्नोरचा भात, लाखोळीची डाळ, अनरसे. ओवाळताना तबकात काय घालावे? घाईत काहीच आणले नव्हते. पिशवीत सवयीने आलेल्या चिपळ्या तेवढ्या होत्या, वडिलांच्या. त्या आम्ही तबकात ठेवल्या. ताईने त्या ओळखल्या. वडील आम्हांस संथा देत तेव्हा ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी धान्य निवडीत बसे. या चिपळ्यांना तिने कधी हात लावला नव्हता. तशी रीत नव्हती.

जेवणे होत आली तोच शेजारची एक मुलगी आली, बारावीत शिकणारी, शेतमजुराची. ताईने तिला रामरक्षा म्हणावयास सांगितली. मुलीने ती एका दमात म्हटली. जोडाक्षर कोठे निसटले नाही, विसर्ग कोठे गिळला नाही. आमच्या विद्यार्थ्यांपैकी किती जण अशी म्हणतील, याचा हिशेब आम्ही मनात केला व सोडून दिला. “हिला कोणी शिकविले?” आम्ही विचारले. ताई म्हणाली, “उंबऱ्याशी बसून जेवढे ऐकले होते तेवढे मी दिले. पुढचे मला येत नाही. हिला कीर्तन शिकायचे आहे. मी गेले तर ही कोणाकडे जाईल?”

दुपारी भाच्याबरोबर शेतावर गेलो. तीन एकर धान, वर मामा तलावाचे पाणी. मामा म्हणजे माजी मालगुजारी. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, आणि बहुतेकांत गाळ साचत गेला. भाचा लहानपणी हे तलाव आमचेच समजे, मामाचे तलाव! त्याची आठवण काढून तो हसला, मग गप्प झाला. “मामा, मी विकायला निघालो ते पैशासाठी नाही,” तो म्हणाला. “आई रात्री एकटी पडली तर मला पुण्यात कळणार कसे?” त्याला उत्तर देण्याचा अधिकार आम्हांस नव्हता. आम्ही रामटेकला असून आम्हांस तरी कोठे कळले होते?

चहाच्या वेळी ठरले ते एवढेच, की अक्षय्यतृतीयेपर्यंत शेत विकावयाचे नाही. धान ठेक्याने करणारा शेजारीच आहे. रात्री ती मुलगी ताईच्या सोबतीला निजेल. मार्गशीर्षापासून महिन्यातून दोन दिवस आम्ही येथे येऊ आणि तिला शिकवू. आमचा आवाज आता तारसप्तकात थरथरतो, ही गोष्ट आम्ही सांगितली नाही. पुढचे कोणास ठाऊक? भाच्याचे समाधान झाले असे आम्ही म्हणणार नाही.

दिवस मावळता निघालो. नाटकाचा पडदा बांधून होत आला होता. आमच्या सौभाग्यवतींनी मात्र मोटारीत पाऊल ठेवले नाही. “गुडघा डॉक्टरांना दाखवून मग येईन,” त्या म्हणाल्या, “तुम्ही चतुर्दशीचे आख्यान पाठ करा.” ताईने चिन्नोरची पिशवी मागच्या बैठकीवर ठेववली. ओसरीतून चिपळ्यांचा आवाज आला, चुकत, थांबत, पुन्हा पहिल्यापासून. ती मुलगी असेल असे वाटून आम्ही मागे पाहिले, तर मुलगी अंगणात उभी होती.