पंचांचा निर्णय आणि आपली तक्रार

शालेय क्रीडास्पर्धा सुरू झाल्या की मैदानावर एक आवाज हमखास ऐकू येतो, "पंच, हे चूक आहे!" पंचही माणूसच आहे, त्याची नजर चुकू शकते. पण चूक वाटली तर दाद कशी मागावी, हे आम्हांला येथे सांगायचे आहे.

बेळगावकरांना कुस्तीचे वेड जुने. मातीतली कुस्ती चितपट झाली की निकाल सर्वांना दिसतो. गादीवर मात्र एकेका गुणावरून वाद होतो. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार गुणाबद्दल आक्षेप असल्यास प्रशिक्षकाने पाच सेकंदांत चॅलेंज मागायचे असते. त्यासाठी तो स्पंजचा मऊ ठोकळा गादीवर टाकतो. मग चित्रफीत पाहून निर्णय होतो. आक्षेप खरा ठरला तर चॅलेंजचा हक्क शिल्लक राहतो. खोटा ठरला तर हक्क संपतो आणि प्रतिस्पर्ध्याला एक गुण मिळतो. म्हणजे दाद मागण्याची मुभा आहे, पण उगाच मागितल्यास किंमत मोजावी लागते.

अमेरिकेतील बेसबॉलमध्येही नियम चुकीचा लावला असे वाटल्यास संघाचा मॅनेजर दाद मागू शकतो. पंच ऐकून घेतो, गरज पडल्यास सहकाऱ्यांना विचारतो. मात्र हुज्जत घालत राहणाऱ्याला तो मैदानाबाहेर काढू शकतो.

ही रीत सोडली की काय होते, हे २ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगर येथील महाराष्ट्र केसरी स्पर्धेत दिसले. गादी विभागात पृथ्वीराज मोहोळ यांना विजयी ठरवल्यावर, आपली पाठ पूर्ण टेकलीच नव्हती, अशी शिवराज राक्षे यांची तक्रार होती. वाद वाढला आणि त्यांनी पंचांना लाथ मारली. त्यांच्यावर तीन वर्षांच्या निलंबनाची कारवाई झाली. तक्रार खरी असली तरी लाथ कशी खरी ठरणार?

विद्यार्थी मित्रहो, निर्णय पटला नाही तर फक्त कर्णधाराने पुढे व्हावे, नेमका मुद्दा एकदाच, नम्रपणे सांगावा आणि पंचांचे उत्तर मानून खेळ सुरू करावा. पालकांनी कुंपणाबाहेरून पंचांना शिकवू नये. मुले आपलेच पाहून शिकतात. विश्वस्त मंडळींस विनंती की, शाळेत सामने भरवताना तक्रार कोणाकडे व किती वेळात करायची, हे आधीच जाहीर करावे. दाद मागायची वाट मोकळी असली की आवाज चढवावा लागत नाही.