मोबाइलवरची सेवा बदलते तेव्हा

सात-बाराचा उतारा आपणा सर्वांना ठाऊक आहे. सात नंबर सांगतो, जमीन कोणाची. बारा नंबर सांगतो, तिच्यात पीक कोणते. हे पीक पूर्वी तलाठी भाऊसाहेब लिहीत. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात नवी पद्धत आली. तिचे नाव ई-पीक पाहणी. शेतकऱ्याने शेतात जायचे, मोबाइलने पिकाचा फोटो काढायचा आणि नोंद आपणच करायची. त्यासाठी मोबाइलमध्ये एक साधन घ्यावे लागते. त्याला अ‍ॅप म्हणतात.

लोकांचा हात बसत आला, तोच अ‍ॅप बदलले. २०२४ च्या रब्बीपासून राज्यभर दुसरे आले. नाव तेच, पण पुढे ‘डीसीएस’ ही अक्षरे.

आता समजा, एका शेतकऱ्याने नातवाला विचारून विचारून जुने अ‍ॅप शिकून घेतले. पुढच्या हंगामात तो बांधावर उभा राहिला. बोटाने दाबतो आहे, पण काम पुढे सरकत नाही. त्याला वाटते, मोबाइल बिघडला. नाहीतर आपणच अडाणी. अहो, दोन्ही खरे नाही. अ‍ॅपचा एक भाग आपल्या मोबाइलात असतो. दुसरा भाग दूर सरकारच्या संगणकावर असतो. दोघांचे नाते कुलूप-किल्लीचे. तिकडे कुलूप बदलले की इकडची जुनी किल्ली लागत नाही.

कुलूप बदलतात तरी कशाला? नव्या अ‍ॅपला गटाचा नकाशा ठाऊक असतो. फोटो काढणारा त्याच गटात उभा आहे का, हे ते पडताळते. ओट्यावर बसून दुसऱ्याच्या उसाचा फोटो काढणे आता जमत नाही. काही बदल तर आपल्या सोयीचेच असतात. २०२२ साली जी सुधारणा झाली, तिच्यात चुकलेली नोंद ४८ तासांच्या आत दुरुस्त करण्याची सोय मिळाली.

पण बदल कळलाच नाही, तर? मुदत निघून जाते आणि पिकाचा रकाना कोरा राहतो. हमीभावाच्या खरेदीला सात-बारावरची पिकाची नोंद मागतात. सोयाबीन घरात आहे आणि कागदावर नाही, मग ते विकायचे कसे? काम बदलणाऱ्याचे काही अडत नाही. अडते ते वापरणाऱ्याचे.

म्हणून बदल कसा करावा, यालाही रीत आहे. १ एप्रिल १९५७ ला आपल्या देशात नवे पैसे आले. त्याआधी रुपयाचे सोळा आणे, म्हणजे चौसष्ट पैसे होत. नव्या हिशेबात शंभर झाले. पण जुनी नाणी त्याच दिवशी बाद केली नाहीत. काही वर्षे दोन्ही चालली. एका आण्याचे सहा नवे पैसे, दोन आण्यांचे बारा, तीन आण्यांचे एकोणीस, चार आण्यांचे पंचवीस, असे कोष्टक छापून दिले होते. घासाघीस झालीच असेल, पण माणसाला सवय व्हायला वेळ मिळाला. १ जून १९६४ ला ‘नवे’ हा शब्दही गळाला, नुसते पैसे राहिले. मोबाइलवरच्या सेवा बदलतानाही आधी सूचना, थोडे दिवस जुने-नवे बरोबर, आणि विचारायला जवळ एक माणूस, एवढे हवेच. ते मागायला लाजू नये.

ई-पीक पाहणीसाठी असा माणूस आहे. शेतकऱ्यांची मुदत संपल्यावर राहिलेल्या नोंदी गावचा सहायक करतो. त्याचे नाव तलाठी कार्यालयात विचारा. तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. हाही एक बदलच!

एक मात्र सांभाळा. बदल झाला की ठगांचेही फावते. “जुने अ‍ॅप बंद झाले, हे नवे घ्या,” असा निरोप अनोळखी नंबरावरून येतो. खाली निळी अक्षरे असतात. त्यांवर बोट ठेवू नका. अ‍ॅप मोबाइलमधल्या प्ले स्टोअरवरूनच घ्या. घेण्याआधी नाव अक्षर-अक्षर वाचा. पीक नोंदवायला बँकेचा पिन लागत नाही. कोणी मागितला तर ते अ‍ॅप खोटे समजा. पैसे गेलेच तर त्याच घटकेला १९३० या नंबरावर फोन करा.

नोंद झाल्यावर मोबाइल लगेच खिशात घालू नका. अ‍ॅपमध्ये गावाची पीक पाहणी बघता येते. तिथे आपले नाव, गट नंबर आणि पीक नीट वाचून घ्या. आता तुम्हाला वाचता येते.