नकाशातील रंग आणि जमिनीचे मोल

जमिनीच्या व्यवहारात आपल्या समाजाचा सर्वाधिक विश्वास कशावर असेल, तर तो सातबाराच्या उताऱ्यावर. उताऱ्यावर नाव चढले की जमीन आपली झाली, आणि आपल्या जमिनीचे आपण काय करावे हे दुसऱ्या कोणी सांगण्याचे कारण नाही, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ही समजूत अर्धीच खरी आहे. जमीन कोणाची, या प्रश्नाचे उत्तर सातबारा देतो. पण ती कशासाठी वापरता येईल, या प्रश्नाचे उत्तर नगररचना खात्याच्या नकाशात असते. त्या नकाशात एखादा तुकडा कोणत्या रंगाने रंगवला आहे, यावर त्याची किंमत कित्येक पटींनी कमी-अधिक होते. हा रंग कोण ठरवतो, कोणत्या अधिकाराने ठरवतो, आणि तो बदलला म्हणजे होणारा लाभ कोणाच्या पदरात पडतो, हे प्रश्न केवळ वकील आणि वास्तुविशारदांचे नाहीत. भविष्यनिर्वाह निधीतून रक्कम काढून दोन-चार गुंठ्यांचा तुकडा घेणाऱ्या शिक्षकाचे आणि कारकुनाचेही ते प्रश्न आहेत.

जमिनीची मालकी ही एकसंध वस्तू नसून तो हक्कांचा समुच्चय आहे. जमीन विकण्याचा हक्क, ती गहाण टाकण्याचा हक्क, वारसास देण्याचा हक्क आणि तिच्यावर बांधकाम करण्याचा हक्क हे वेगवेगळे आहेत. यांपैकी शेवटच्या हक्काला समाजहितासाठी मर्यादा घालणे, हे जमीनवापराच्या कायद्याचे सार होय. शेजाऱ्याच्या घराला लागून कातडी कमावण्याचा कारखाना काढू नये, हे तत्त्व जुनेच आहे. नवी गोष्ट एवढीच, की असा उपद्रव झाल्यावर न्यायालयात धाव घेण्याऐवजी तो होऊच नये म्हणून संपूर्ण नगराची आधीच वाटणी करून ठेवावी, हा विचार विसाव्या शतकात कायद्याच्या रूपाने दृढ झाला.

युक्लिडचा निकाल

न्यूयॉर्क शहराने १९१६ साली संपूर्ण शहरासाठी विभागवार नियम केले. त्याच्या आदल्या वर्षी तेथे उभ्या राहिलेल्या इक्विटेबल बिल्डिंग या प्रचंड इमारतीने भोवतालच्या रस्त्यांवरचा उजेड अडवला होता, आणि त्यातून उठलेल्या ओरडीने या नियमांना गती दिली. परंतु अशा नियमांना घटनात्मक आधार आहे काय, याचा निर्णय लागला तो ओहायो राज्यातील युक्लिड नावाच्या लहानशा उपनगराच्या खटल्यात. तेथे अॅम्बलर रिअल्टी या कंपनीची ६८ एकर जमीन होती. कारखान्यांसाठी ती विकली तर एकरी सुमारे १०,००० डॉलर येतील. पण गावाने केलेल्या नियमांनुसार निवासासाठी विकली तर जेमतेम २,५०० डॉलर हाती पडतील, अशी कंपनीची तक्रार होती. १९२६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या बाजूने कौल दिला. एखादी गोष्ट स्वतः वाईट नसली तरी भलत्या जागी असल्याने ती उपद्रवकारक ठरू शकते आणि ती रोखण्याचा अधिकार समाजाला आहे, असा या निकालाचा आशय होता.

या अधिकाराला काळी बाजूही आहे. केंटकी राज्यातील लुइव्हिल शहराने कृष्णवर्णीयांनी कोणत्या गल्लीत राहावे हे ठरवण्यासाठी असाच नियम केला होता. तो तेथील सर्वोच्च न्यायालयाला १९१७ साली रद्द करावा लागला. तात्पर्य, विभागांची रेघ कारखान्याला घरापासून दूर ठेवू शकते, तशीच ती माणसाला माणसापासून दूर ठेवण्यासाठीही वापरता येते. म्हणूनच ती कोण ओढतो याकडे लक्ष ठेवावे लागते.

आपला कायदा

आपल्याकडे १९१५ च्या मुंबई नगररचना अधिनियमापासून या कायद्याची परंपरा आहे. आज महाराष्ट्रात जो कायदा लागू आहे तो १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम. त्याखाली प्रत्येक महापालिकेला व नगरपालिकेला आपल्या हद्दीची विकास योजना तयार करावी लागते. या योजनेची तीन साधने सामान्य वाचकाने समजून घेतली पाहिजेत. पहिले साधन विभागांचे : निवासी, व्यापारी, औद्योगिक, शेती असे विभाग पाडून प्रत्येकात काय चालेल आणि काय चालणार नाही हे ठरवले जाते. दुसरे साधन चटईक्षेत्र निर्देशांकाचे : १,००० चौरस मीटरच्या भूखंडावर निर्देशांक एक असेल तर सर्व मजले मिळून १,००० चौरस मीटर बांधकाम करता येते, दोन असेल तर २,०००. तिसरे साधन आरक्षणाचे : शाळा, क्रीडांगण, रुग्णालय, रस्ता यांसाठी खासगी जमिनीवर सार्वजनिक हेतूची नोंद करून ठेवणे.

यांपैकी पहिल्या दोन निर्बंधांबद्दल मालकाला सहसा भरपाई मिळत नाही. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनंतर मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्क राहिलेला नाही. तो कायद्याच्या अधीन असलेला घटनात्मक हक्क आहे. आरक्षणाची गोष्ट मात्र निराळी. तेथे जमीन अखेर संपादन करावी लागते आणि तिचे मोल चुकवावे लागते. पालिकांच्या तिजोरीत तेवढा पैसा नसतो. कायद्याच्या १२७ व्या कलमानुसार अंतिम योजना अमलात आल्यापासून १० वर्षांत जमीन संपादन झाली नाही, तर मालक खरेदीची सूचना देऊ शकतो. त्यानंतरच्या ठराविक मुदतीतही संपादनाची पावले पडली नाहीत, तर आरक्षण रद्द समजले जाते. ही पावले केवळ कागदावरची नसावीत, संपादनाच्या दिशेने खरोखर जाणारी असावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने गिरनार ट्रेडर्सच्या खटल्यात २००७ साली स्पष्ट केले. मालकाला वर्षानुवर्षे टांगून ठेवू नये हे न्याय्यच आहे. परंतु पालिकेने हलगर्जी केली म्हणजे मुलांचे मैदान जाते, ही दुसरी बाजूही विसरता येत नाही.

ही अडचण टाळण्यासाठी मुंबईच्या १९९१ च्या नियमावलीने हस्तांतरणीय विकास हक्काची युक्ती काढली. आरक्षित जमीन पालिकेला द्या आणि तिच्यावरील बांधकामाचा हक्क दुसरीकडे वापरा किंवा विका, असा हा सौदा आहे. पालिकेला पैसा मोजावा लागत नाही हे खरे. पण मोल कोणीतरी चुकवतोच. मूळ शहरात निर्माण झालेला हक्क त्या नियमावलीनुसार उत्तरेकडील उपनगरांत वापरला जाई, आणि वाढीव मजल्यांचा भार तेथल्या रस्त्यांवर, पाण्यावर आणि लोकलगाड्यांवर पडे. फुकट अशी गोष्ट अर्थशास्त्रात नसते. किंमत कोणाच्या नावे टाकली एवढाच प्रश्न असतो.

वाढीव मोल कोणाचे?

येथे कायद्याचा प्रश्न अर्थशास्त्राच्या दारात येऊन उभा राहतो. शेतजमीन निवासी विभागात गेली की तिचा भाव चढतो. या वाढीसाठी मालकाने एक वीटही रचलेली नसते. ती रस्त्यामुळे, नळामुळे, शेजारी आलेल्या लोकवस्तीमुळे आणि नकाशातील बदललेल्या रंगामुळे झालेली असते. म्हणजेच ती समाजाने निर्माण केलेली असते. हेन्री जॉर्ज यांनी १८७९ साली हेच आग्रहाने मांडले होते. ब्रिटनने १९४७ च्या कायद्याने जमीन मालकाकडे ठेवली, पण विकासाचा हक्क राष्ट्राच्या मालकीचा केला आणि वाढीव मोलावर १०० टक्के आकार बसवला. तेवढा आकार दिल्यावर जमीन विकण्यात कोणाला रसच उरला नाही आणि काही वर्षांतच तो आकार मागे घ्यावा लागला. विकासासाठी परवानगी घेण्याचे बंधन मात्र टिकले. म्हणजे सर्व मोल समाजाने घेणे व्यवहारात टिकत नाही. याउलट, सर्व मोल मालकाने घेणे न्यायात बसत नाही. आपल्या कायद्यातील नगररचना परियोजनांत वाढीव मोलाच्या ५० टक्क्यांपर्यंत अंशदान घेण्याची तरतूद आहे, ती या दोन टोकांमधील शहाणपणाची जागा आहे. दुर्दैवाने आपल्या शहरांचा फार मोठा भाग अशा परियोजनांच्या बाहेरच वाढला.

गिरणगावचा धडा

या प्रश्नाची सर्वांत मोठी परीक्षा मुंबईच्या गिरणगावात झाली. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. संपानंतर अनेक गिरण्यांचे भोंगे कायमचे थांबले, आणि शहराच्या मध्यभागी सुमारे ६०० एकर जमीन मोकळी होऊ घातली. १९९१ च्या नियमावलीतील ५८ व्या नियमाने तिची ढोबळमानाने तीन वाट्यांत विभागणी सांगितली : एक वाटा महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी आणि एक मालकाला विकासासाठी. वाढीव मोलातील समाजाचा हिस्सा जमिनीच्या रूपाने घेण्याचाच हा प्रयत्न होता.

मालक पुढे येईनात. जुन्या इमारती तशाच ठेवल्या तर वाटणी टळत होती. कामगारांची देणी थकलेली होती. तेव्हा २००१ साली सरकारने नियम बदलला आणि वाटणी फक्त मोकळ्या जमिनीपुरती ठेवली. गिरणीच्या इमारतीखालची जमीन, ती इमारत पाडली तरी, वाटणीत धरायची नाही असे ठरले. एका शब्दाच्या अर्थाने शहराच्या वाट्याची जमीन आक्रसली, कारण गिरण्यांच्या आवारात इमारतींनीच बहुतांश जागा व्यापलेली होती. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली या शब्दाचा अर्थ शहराच्या बाजूने लावला. सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २००६ रोजी तो निकाल फिरवला आणि सरकारचा बदल वैध ठरवला. दरम्यान २००५ मध्येच मुंबई टेक्स्टाइल मिल या एका गिरणीची जमीन ७०२ कोटी रुपयांना विकली गेली होती. पुढे २०१६ साली गिरणी कामगारांसाठी घरांची जी एक सोडत निघाली, त्यातील घरे परळ-लालबागला नव्हे, तर पनवेलजवळच्या कोन गावी होती.

सरकारची बाजू अगदीच निराधार नव्हती. अडून बसलेल्या मालकाला हलवल्याशिवाय कामगारांची देणी मिळत नव्हती, हे खरे आहे. परंतु तोडगा काढताना शहराचा हिस्सा किती घटेल, याची चर्चा नियम बदलण्यापूर्वी व्हावयास हवी होती. ती न्यायालयात, पाच वर्षांनंतर झाली. आणि न्यायालय धोरण वैध आहे की नाही एवढेच पाहते, ते शहाणपणाचे आहे की नाही हे ठरवणे त्याचे काम नव्हे.

गुंठ्यांचे खरेदीदार

गिरण्यांच्या जमिनीचे आकडे कोटींत आहेत म्हणून हा विषय आपल्यापासून दूर आहे असे मानू नये. शहरांच्या कडेला शेती विभागातील जमिनी गुंठ्या-गुंठ्याने विकल्या गेल्या, आणि त्या घेणारे बहुतेक मध्यम व कनिष्ठ उत्पन्नाचे लोक होते. स्वस्त म्हणून घेतलेल्या या तुकड्यांना मंजूर रेखांकन नव्हते. रस्ता, गटार, मैदान यांसाठी जागा सोडलेली नव्हती. बांधकामाची रीतसर परवानगी नाही, म्हणून गृहकर्जही मिळणे कठीण. जमीन स्वस्त होती, कारण तिच्यातून एक हक्क आधीच वजा झालेला होता. विकणाऱ्याला ते ठाऊक होते, घेणाऱ्याला नव्हते. अशा वस्त्या नियमित करण्यासाठी २००१ साली गुंठेवारीचा कायदा करावा लागला आणि २०२१ साली त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या भूखंडांना लागू करावी लागली. नियमितीकरणाने घर वाचते. पण न सोडलेले मैदान त्याने निर्माण होत नाही.

म्हणून व्यवहारापूर्वी सातबाऱ्याबरोबर झोन दाखला किंवा भाग नकाशा मागणे, आरक्षण अथवा नियोजित रस्ता जातो का ते पाहणे, हे घर घेणाऱ्याचे पहिले कर्तव्य आहे. बिनशेती परवानगीच्या अटी २०१४ पासून टप्प्याटप्प्याने सैल होत गेल्या असल्या, तरी विकास योजनेतील विभागाचे बंधन त्यामुळे सुटत नाही.

हरकतींची मुदत

वैयक्तिक सावधगिरी आवश्यक आहे, पण पुरेशी नाही. प्रारूप विकास योजना प्रसिद्ध झाली की कायद्याने ठरवलेल्या मोजक्या दिवसांत कोणाही नागरिकाला लेखी हरकत घेता येते आणि नियोजन समितीपुढे आपले म्हणणे मांडता येते. मंजूर योजनेत ३७ व्या कलमाखाली फेरबदल करायचा असला तरी सूचना प्रसिद्ध करून हरकती मागवाव्या लागतात. ही सूचना राजपत्रात आणि वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरांत येते. ज्याचा लाभ होणार असतो तो ती वाचतो. ज्याचे मैदान जाणार असते तो क्वचितच वाचतो.

लोकांनी नकाशे वाचले म्हणजे काय घडते, याची उदाहरणे आपल्याजवळच आहेत. गोव्याचा प्रादेशिक आराखडा २०११ प्रसिद्ध झाल्यावर गावोगावच्या लोकांनी आपापल्या शेतांवर आणि डोंगरांवर चढलेले रंग तपासले. २००६ च्या अखेरीस आंदोलन उभे राहिले आणि २००७ च्या आरंभी सरकारला तो आराखडा रद्द करावा लागला. मुंबईच्या विकास योजनेचा मसुदा फेब्रुवारी २०१५ मध्ये आला, तेव्हा हजारो हरकती दाखल झाल्या. एप्रिलमध्ये सरकारने तो नव्याने करण्यास सांगितले आणि सुधारित योजना २०१८ साली अमलात आली. दोन्ही ठिकाणी लोकांनी नकाशा उघडून पाहिला, आणि एवढ्यावर बरेच काही बदलले.

अर्थसंकल्पावर आपण घरोघरी चर्चा करतो. विकास योजना हा तर २० वर्षांचा अर्थसंकल्प असतो. फरक एवढाच, की त्यातील रकमा रुपयांऐवजी रंगांत लिहिलेल्या असतात. आपल्या गावाचा नकाशा पालिकेच्या कार्यालयात लागलेला असतो. शाळा-महाविद्यालयांनी तो वर्गात आणावा, विद्यार्थ्यांना आपले घर, आपली शाळा आणि आपले मैदान त्यावर शोधावयास लावावे. ते मैदान नकाशात हिरवे आहे की नाही, हे त्यांना पुढची योजना मंजूर होण्यापूर्वी कळले पाहिजे.